बोट अजून जमिनीवरच आहे : पहिल्या रात्रीपासून आत झोपावं का?

शिडवाली

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेगळा आहे, पण घरात त्यावरून महिनाभर धुसफूस चालू आहे, म्हणून इथे टाकते.

आम्ही पवनी तालुक्यात राहतो. आमचे हे मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होते, आता निवृत्त. त्यांच्या एका जुन्या ग्रीक सहकाऱ्यासोबत भागीदारीत आमची एक शिडाची बोट आहे. ३२ फुटी, फायबरची, वयाने माझ्या लग्नापेक्षा थोडीच लहान. हिवाळाभर ती ग्रीसमध्ये प्रेवेझा गावासमोर, आक्तिओच्या बाजूला, एका यार्डात जमिनीवर लोखंडी टेकूंच्या आधाराने उभी असते. भागीदार सप्टेंबर-ऑक्टोबरात वापरतो, आम्ही एप्रिल ते जून. लाखोरी-जवस घरात आलं की बॅगा भरायच्या आणि रोवणीच्या आत परत. उन्हाळी धान आम्ही करत नाही. व्हिसाचा नियम कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस असा आहे, त्यात हे नीट बसतं.

तर धुसफूस अशी. बोट पाण्यात उतरवण्याआधी आठ-दहा दिवस यार्डातच काम असतं. बुडाला रंग, इंजिन, बॅटऱ्या, धुणं-पुसणं. ह्यांचं म्हणणं, विमानतळावरून थेट बोटीवर, पहिल्या रात्रीपासून तिथेच झोपायचं. स्वतःचा पलंग असताना भाडं कशाला? माझं म्हणणं, बोट जमिनीवर आहे तोवर गावात खोली घ्यावी. घरात शिरायचं तर दहा-बारा फुटांची शिडी. टाकीच्या कामामुळे नळ बंद. आणि जमिनीवर असताना बोटीतला संडास आणि मोरी वापरता येत नाही, आतून सोडलेलं सगळं खाली रंग देणाऱ्याच्या टाळक्यावर. म्हणजे रात्री उठलं की टॉर्च दातात धरून शिडी उतरा आणि यार्डाच्या त्या टोकापर्यंत चाला.

सासूबाईंनी विषय एका वाक्यात संपवला आहे : "पाण्यात नाही अन् जमिनीवर बी नाही, असल्या घरात जाताच कायले?"

कोणी असं राहिलं आहे का? बोटच हवी असं नाही. हंगामापुरत्या जागेत दरवर्षी राहायला जाणारे इथे बरेच असतील, त्यांनीही सांगावं.

तर्रीदार

पवनी आणि शिडाची बोट हे एका ओळीत वाचलं आणि आधी वैनगंगेच्या पुलावर जाऊन पाहून यावं असं वाटलं. ग्रीस पुढे आलं तेव्हा हायसं वाटलं.

सासूबाईंना माझा साष्टांग.

मिरगाचा_किडा

जागा धरून ठेवतो. सावकाश वाचतो.

अंबाझरीचा_कॅडेट

मी साहेबांच्या बाजूने. कॉलेजात एनसीसीच्या नेव्ही विंगला होतो, नागपूरच्या अंबाझरी तलावात व्हेलर नावाची होडी वल्हवून हाताला घट्टे पाडून घेतलेत. पुढे नोकरीनिमित्त बाहेर राहिलो तेव्हा मित्रांच्या बोटींवर हंगाम सुरू होतानाची कामं पुष्कळ केली.

कारण सांगतो. बोट कुठे गळते हे दिवसा कळत नाही. रात्री पाऊस आला आणि तुम्ही आत झोपलेले असलात तरच कळतं. खिडकीच्या कडेचं रबर, डेकवरचे स्क्रू, डोलकाठी डेकमधून आत येते ती जागा, यातून पाणी थेंबाथेंबाने येतं आणि सकाळपर्यंत वाळून जातं. खोलीत झोपाल तर तो थेंब तुम्हाला जूनमध्ये भर समुद्रात भेटेल. दुसरं म्हणजे सकाळ. यार्डात सकाळी सहा ते नऊ ही सोन्यासारखी वेळ, वारा नाही, ऊन नाही. खोलीवर असाल तर आंघोळ-नाश्ता करून यायला दहा वाजतात.

आणि त्या शांत वेळेत शिडंही जमिनीवरच चढवून टाका. पाण्यात गेल्यावर एक काम कमी.

डॉ_सावली

मी बाईंच्या बाजूने, आणि कारणं भावनिक नाहीत.

एक, शिडी. साठीच्या पुढचा माणूस अर्धवट झोपेत दहा फुटांवरून पडला तर खुब्याचं हाड मोडतं. गावाकडे माळ्यावरून पडलेले रुग्ण मी बघते, ते पडतात तेव्हा बहुतेकदा लघवीलाच उठलेले असतात. दोन, धूळ. बोटीच्या बुडाच्या रंगात शेवाळ-शिंपले बसू नयेत म्हणून तांब्याची संयुगं आणि इतर विषारी द्रव्यं घातलेली असतात. तो रंग कोरडा घासला तर ती धूळ फुफ्फुसात जाते. तुम्ही ओला घासाल, पण शेजारच्या बोटीवाल्याचं काय? त्याच्या धुळीत तुम्ही जेवणार, झोपणार? तीन, एप्रिलमध्ये रात्री गारठा असेल. खिडक्या लावून गॅसची शेगडी ऊब घ्यायला पेटवायची नाही, हे कितीही वेळा सांगितलं तरी लोक करतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

धुऱ्यावरचा

वाचून बरं वाटलं. इकडे धानाच्या चुकाऱ्यासाठी माणसं खेटे घालताहेत आणि इथे चर्चा कशाची, तर ग्रीसमध्ये खोलीत झोपावं की बोटीत. चालू द्या.

तर्रीदार

@धुऱ्यावरचा, मागच्या महिन्यात तुमचाच धागा होता, 'नवीन बुलेटचा कोणता रंग घ्यावा'. त्यात ८० प्रतिसाद आहेत. त्यातले तीन माझे.

शिडवाली

@धुऱ्यावरचा, राग समजू शकते, आम्हीही त्याच केंद्रावर धान घालतो. बोटीतला आमचा वाटा एका जुन्या ट्रॅक्टरच्या किमतीत आला. गाडी आम्ही घेतली नाही. पैसे कुठे घालावेत यावर ज्याचं त्याचं मत, पण मला खरंच शिडीबद्दल विचारायचं आहे.

@डॉ_सावली, धुळीचा मुद्दा मी लगेच मोठ्याने वाचून दाखवला. समोरून "हं" एवढंच आलं.

गोसेकाठ

ताई, मी ढिवर समाजाचा. आमचं गाव वैनगंगेवरच्या गोसे धरनाच्या पान्यात गेलं. आता पुनर्वसनात रायतो. तुमी इचारलं हंगामापुरतं रायाले कोन जाते, तं आमी जात होतो.

धरण व्हायच्या आंधी माघ-फागुनात नदीचं पानी उतरे अन् वाळू उघडी पडे. मंग आमची सारी घरं नदीत उतरे. वाळूत झिरे खंदायचे, डांगर-टरबुजाच्या वाड्या लावायच्या, अन् पऱ्हाटीच्या, तुरीच्या काड्यायची झोपडी बांधून तिथंच रायाचं, मिरगापर्यंत. मी लहान असताना वाळूतच झोपलो. म्हनून तुमच्या सायबाचं मले पटते. वाडीची राखन करायची असन तं पयल्या रातीपासूनच झोपा लागते. एक रात गावात झोपाल तं कोल्हे येऊन जाते, डांगर फोडून ठेवते.

पन आमच्या मायचं बी आयका. माय पयले तीन-चार दिवस येत नव्हती. म्हने, आंधी चूल मांडा, पान्याचा झिरा साफ करा, मंग मी येतो. बुढा अन् आमी पोरं जाऊन झोपडी उभी करो, मंग माय भांडे घेऊन ये.

अन् डोंग्याचं सांगतो. लाकडाचा डोंगा उन्हाळ्यात भाईर रायला का फळ्या सुकते, सांधे उघडते. तसाच पान्यात लोटला तं धारा लागते. मंग बुढा काय करे, आंधी फटीत कापूस ठोके, वरून डांबर, अन् मंग काठाच्या उथळ पान्यात डोंगा दगडं भरून बुडवून ठेवे. फळ्या फुगल्या का सांधे बसते. मंग पानी उपसलं का झाला तय्यार. तुमचा फायबरचा, तो तं फुगत नसन?

शिडवाली

@गोसेकाठ, दादा, तुमच्या मायचं म्हणणं मी प्रिंट काढून फ्रिजवर लावणार आहे.

नाही, फायबर फुगत नाही. पण बुडाला भोकं असतात, समुद्राचं पाणी इंजिन थंड करायला आत घ्यायला, मोरीचं बाहेर सोडायला. त्या प्रत्येकाला तोटी आणि तोटीला रबरी पाइप. धार लागली तर तिथून लागते.

कोकणी_खलाशी

उशिरा आलो. मी रत्नागिरीकडचा, बरीच वर्षं दुसऱ्यांच्या शिडाच्या बोटी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवायचं काम करतो, त्यात भूमध्यातल्या पुष्कळ. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी कॅडेटसाहेबांचं एक वाक्य खोडतो, कारण ते धोक्याचं आहे. जमिनीवर शिडं चढवू नका. टेकूंवरची बोट म्हणजे उंच, अरुंद बुडाची वस्तू. पुढचं शीड नुसतं गुंडाळून बांधलेलं असलं तरी जोराच्या वाऱ्यात ते एका कोपऱ्यातून सुटतं, भरतं, फडफडतं आणि बोट हलू लागते. टेकू सैल होतो. अशी एक बोट पडली की शेजारचीवर पडते, ती तिच्या शेजारचीवर. बहुतेक यार्डांत म्हणूनच शिडं उतरवून ठेवायला लावतात. शिडं पाण्यात गेल्यावर, धक्क्याला, पहाटे वारा पडलेला असताना चढवायची.

आता कामांचा क्रम. पहिल्या दिवशी फक्त बघायचं. सामान वर चढवायचं नाही, कारण प्रत्येक काम कुठल्या ना कुठल्या फळीखाली असतं आणि त्या फळीवर तुमची बॅग असते. बॅटऱ्यांचा व्होल्टेज मोजा. लेड-अ‍ॅसिडची बॅटरी शांत असताना १२.७ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. हिवाळाभर अर्धी राहिली असेल तर तिच्यावर भरवसा ठेवू नका, नवीन आणायला अजून वेळ आहे.

मग तोट्या. प्रत्येक तोटी उघडा, बंद करा. अडकली असेल तर आत्ताच सोडवा, पाण्यात गेल्यावर ती सोडवणं म्हणजे संकटाला आमंत्रण. पाइपाच्या तोंडाचे क्लिप गंजलेत का बघा. इंजिनात समुद्राचं पाणी ओढणारं रबरी पंख्याचं चाक, इम्पेलर, बदला. ते स्वस्त आहे, इंजिन नाही.

बुडाचा रंग देताना झिंकच्या गोळ्यांवर रंग चढवू नका. त्या स्वतः झिजून बोट ढकलणारा पंखा आणि तो फिरवणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, वाचवतात. रंगाखाली झाकल्या तर काम करत नाहीत. खोली मोजणाऱ्या सेन्सरवर काय चालतं तेही डबा वाचून ठरवा. आणि डब्यावर हेही लिहिलेलं असतं की रंग दिल्यावर किती वेळाने आणि किती दिवसांच्या आत बोट पाण्यात जायला हवी. रंग आधी देऊन मग आठ दिवस बाकीची कामं करत बसू नका. रंग शेवटी.

पिण्याच्या पाण्याच्या टाकीत साधं, बिनवासाचं ब्लीच थोडं घालून भरून ठेवा, मग दोनदा ओता. टाकी धुवायचं पाणी बाहेर काढायचं असतं, म्हणून हे पाण्यात गेल्यावर करणारे बरेच आहेत. गॅसच्या जोडांना साबणाचा फेस लावून बघा. एलपीजी हवेपेक्षा जड. घरात ती दाराखालून निघून जाते, बोटीत तिला बाहेर जायला दार नाही, ती बुडाशी साचते.

उतरवण्याच्या दिवशी क्रेनवाल्याला आधीच सांगा : बोट पाण्याला लागली की पट्टे सोडू नकोस, दहा-पंधरा मिनिटं धर. तेवढ्यात एकाने आत उतरून टॉर्च घेऊन प्रत्येक तोटी, प्रत्येक पाइप हाताने चाचपायचा. हात ओला झाला तर परत वर. शाफ्ट जिथून बाहेर जातो तिथे रबरी भात्याचं सील असेल तर तो भाता दाबून आतली हवा काढा, पाण्याचा फवारा आला की सोडा. हवा राहिली तर सील कोरडं फिरतं आणि जळतं. मग इंजिन सुरू करून मागून पाणी पडतंय का बघा, आणि मगच हात हलवून क्रेनवाल्याला जा म्हणा.

झोपण्याचं. मी स्वतः खोली घेतो. फक्त आदल्या रात्री बोटीवर झोपतो, कारण उचलायचा नंबर बहुधा सकाळचा असतो आणि क्रेन कोणासाठी थांबत नाही. शिडीचं वरचं टोक कठड्याला दोन्ही बाजूंनी बांधा. ही एक गोष्ट करा, बाकी मी लिहिलेलं विसरलात तरी चालेल. बरं, विसरू नका.

तर्रीदार

वाचनखूण साठवली. बोट नाही, पण कधी मिळालीच तर.

अंबाझरीचा_कॅडेट

शिडांचं मान्य, वारा नसलेल्या यार्डात शिकलो त्याचा परिणाम. पण झोपण्याबद्दल माझं मत तेच. गळती शोधायला पाइपने पाणी मारता येतं असं कोणी म्हणेल, पण रात्रभर बारीक पडणारा पाऊस आणि दहा मिनिटांचा फवारा यांत फरक आहे.

पुणेरी_शंका

एक शंका. युरोपियन महासंघाबाहेर राहणाऱ्या माणसाची बोट तिथे तात्पुरत्या प्रवेशाखाली १८ महिनेच ठेवता येते ना? मग दरवर्षी ती तिथे कशी?

शिडवाली

तुमची माहिती बरोबर आहे, पण तो नियम बाहेरून आणलेल्या, कर न भरलेल्या बोटींना. ही तिथलीच, कर भरलेली, आणि कागदोपत्री भागीदाराच्या नावावर. आमचा करार आम्हा दोघा कुटुंबांत आहे.

पुणेरी_शंका

म्हणजे कागदोपत्री बोट तुमची नाहीच.

शिडवाली

हे वाक्य सासूबाईंना सांगू नका, प्लीज.

वडाभात_वाली

सगळे इंजिनात अडकले. मला विचारायचंय, नेता काय खायला?

शिडवाली

अखेर कामाचा प्रश्न! दूध आणि मांसाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, खव्याचं काही नाही. ताजे आंबेही विसरायचे, त्यांना झाडपाल्याच्या तपासणीचं प्रमाणपत्र लागतं. म्हणून आमची बॅग कोरडी : भिवापुरी मिरचीचं तिखट, जवसाची चटणी, लाखोरीची डाळ, मूगवड्या, सरगुंडे, घरचा मसाला. ऑलिव्हच्या तेलात तिखट फोडणी देऊन पाटवडीचा रस्सा करते, भागीदार त्यात पाव बुडवून खातो आणि डोळे पुसतो.

एक सूचना. डब्यांवर चिकटवलेल्या कागदी पट्ट्या बोटीच्या दमटपणात सुटतात आणि मग तिखट कोणतं अन् मसाला कोणता हे वासावर. झाकणावर मार्करने लिहावं. आणि मूगवड्या हवाबंद डब्यातच, नाहीतर आठवडाभरात मऊ.

वडाभात_वाली

मूगवड्या तव्यावर भाजून मग भरा, जास्त टिकतात. तेलात तळून नका नेऊ, खवट होतात.

तर्रीदार

अवांतर. शिडाच्या बोटीने लांब जाणारे भारतीय खरंच आहेत का? की फक्त पवनीचे?

कोकणी_खलाशी

आहेत की. नौदलाच्या दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. बोट 'म्हादेई', ५६ फुटी, गोव्यात बांधलेली. त्याच बोटीवर अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये वाटेत कुठेही न थांबता फेरी पूर्ण केली. मग २०१७-१८ मध्ये 'तारिणी'वर सहा महिला नौसैनिक अधिकारी. १० सप्टेंबरला गोव्याहून निघाल्या आणि २१ मेला परत आल्या.

भाऊचा_धक्का

आमच्या मुंबईत सगळं उलटं. मे अखेरीस पावसाळ्याआधी शिडाच्या बोटी पाण्याबाहेर आणि पाऊस सरला की ऑक्टोबरात परत आत. मच्छीमारांना तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींनी मासेमारीची बंदी, आणि दर्यात जायचा मुहूर्त खरा नारळी पौर्णिमेचा. त्या दोन महिन्यांत कोळीवाड्यात जाळी विणणं आणि बोटी रंगवणं. तिथे कोणी बोटीत झोपू की नको असं विचारत नाही. पण आमचं घर चार पावलांवर असतं, हे कबूल.

अंबाझरीचा_कॅडेट

@गोसेकाठ, गोसेच्या पाण्यात शीड चालेल का हो? पाणी तर केवढं पसरलंय. ३३ दरवाजांचं धरण आहे.

गोसेकाठ

वारा हाय, पानी बी हाय. पन खाली काय हाय ते कोन पाहिलं? झाडाचे खुंट, जुन्या घरायच्या भिती, इहिरी. आमाले मालूम हाय कोनत्या जागी कोनाचं घर होतं म्हनून जाळं अडकत नाही. अन् जलपर्णी. नागपूरची घाण नाग नदीतून कन्हानमंधी अन् कन्हानमधून इकडं येते, तिच्यावर जलपर्णी माजते. डोंग्याचं वल्हं बी कधी कधी चालत नाही तिच्यातून. तुमच्या बोटीचं बूड किती खोल हाय ताई?

शिडवाली

पाच फुटांच्या वर.

गोसेकाठ

मंग नोका आनू. माह्या मामाच्या घराच्या भितीले लागन.

धुऱ्यावरचा

ह्यावर मात्र लिहायला हवं कोणीतरी. गाव पाण्याखाली गेलं आणि त्याच पाण्यात कोणाचं घर कुठे होतं ते बघून जाळं टाकायचं. १९८८ साली पायाभरणी झाली धरणाची, मी शाळेत होतो. दादा, तुम्ही वेगळा धागा काढा. मी वाचेन. आणि शिडवाली ताई, आधीचं बोलणं मनावर घेऊ नका.

शिडवाली

नाही घेतलं. आणि @गोसेकाठ, खरंच काढा धागा.

आमचं ठरलं ते सांगते. ह्यांनी सगळे प्रतिसाद वाचले, चष्मा लावून, दोन बैठकांत. डॉक्टरांच्या धुळीपुढे बोलायला जागा नव्हती आणि कॅडेटच्या गळतीपुढे माझ्याकडे नव्हती. म्हणून खोली मी घेणार, रंग होईपर्यंत. हे बोटीवर झोपणार, शिडी दोन्ही बाजूंनी बांधून, सोबत झाकणाची बादली. स्वयंपाक खोलीवर. शेजारी कोणी कोरडं घासत असेल त्या दिवशी हेही खोलीवर.

डॉ_सावली

बादलीला मी औपचारिक मंजुरी देते.

मिरगाचा_किडा

अजून वाचतोय. कोकणी खलाशांच्या प्रतिसादापर्यंत आलो.

शिडवाली

आक्तिओहून राम राम. गावाहून निघालो तेव्हा पारा ४२ च्या पुढे होता, इथे रात्री स्वेटर.

खाडीपलीकडे प्रेवेझाचे दिवे दिसतात. पूर्वी पलीकडे जायला फेरीबोट होती, आता समुद्राखालून बोगदा आहे. इथल्याच पाण्यात इसवी सनापूर्वी ३१ मध्ये ऑक्टेव्हियनने अँटनी आणि क्लिओपात्राच्या आरमाराला हरवलं, हे मला ह्यांनी रंगाच्या डब्यावर बसून सांगितलं, कारण खालच्या रंगाचा हात वाळायची वाट बघत होतो.

कॅडेट, तुमचं अभिनंदन. दुसऱ्याच रात्री पाऊस आला आणि थेंब पडला. कुठे? ह्यांच्या उशीवर. वरच्या झडपेचं रबर एका कोपऱ्यात कडक झालं होतं. सकाळी हे खोलीवर आले ते ओली उशी काखेत मारून, चेहऱ्यावर विजयाचा भाव. मी कोरडी होते, त्यामुळे वाद केला नाही.

अंबाझरीचा_कॅडेट

नोंद घ्यावी. रबर कोणतं बसवलं?

शिडवाली

स्पंजासारखं पोकळ, चिकट पट्टीचं, जुन्याच्या मापाचं. आधीचा चिकटा पूर्ण खरवडायला अर्धा दिवस गेला. तो राहिला तर नवीन पट्टी बसत नाही.

गोसेकाठ

पान्यात टाकली का? धार लागली का?

शिडवाली

काल टाकली. खलाशीदादांनी सांगितल्याप्रमाणे क्रेनवाल्याला धरून ठेवायला सांगितलं, त्याने मान हलवली, म्हणाला सगळ्यांनाच धरतो. मी आत, टॉर्च घेऊन. इंजिनाच्या पाण्याच्या पाइपाचा क्लिप ओला लागला. पेचकसाने दोन आटे दिले, पुसला, पुन्हा चाचपला, कोरडा. भाता ह्यांनी दाबला, पाणी तोंडावर उडालं. मग पट्टे सोडले. आज पहाटे शिडं चढवली, वारा उठायच्या आत. इथे दुपारनंतर वायव्येचा वारा येतो, उन्हाळ्यात तर रोजचा, पण एप्रिलात त्याचा नेम नाही. दोन दिवसांनी लेफकाडा बेटाजवळच्या कालव्यातून दक्षिणेला. तिथे रस्त्याचा पूल ठरलेल्या वेळीच उघडतो, तोवर कालव्याच्या तोंडाशी घिरट्या घालाव्या लागतात.

कोकणी_खलाशी

कालव्याच्या उत्तर तोंडाशी वाळू सरकत असते. नकाशावरच्या खोलीवर जाऊ नका, खांबांच्या मधून जा आणि सेन्सरवर डोळा ठेवा. तो पहिल्या दिवशीच बंद पडतो असा माझा अनुभव.

गोसेकाठ

बंद पडला तं खोली कशी पाहता?

शिडवाली

दोरीला शिसं बांधून. दर मीटरला एक चिंधी.

गोसेकाठ

आमी बांबूनं पाहतो.

पुणेरी_शंका

बांबू किती फुटी? आणि पाणी त्याहून खोल निघालं तर?

गोसेकाठ

त मंग टेकतच नाही ना भाऊ. जा म्हनायचं पुढं.